पळवाट? अर्धंच पटलं

मीम म्हणजे भावनांपासून पळवाट, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये माझा पगार निम्म्यावर आला, तेव्हा आग लागलेल्या खोलीत 'सगळं ठीक आहे' म्हणत बसलेला तो टोपीवाला कुत्रा मी भावाला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "किती पाठवू?" सरळ मागायला माझी जीभ रेटली नसती.

मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस भावना दाबणं आणि प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं बघणं यांत फरक करतात. चांगलं मीम दुसऱ्यात मोडतं. (गुड मॉर्निंगची फुलं कशात मोडतात, देव जाणे.) रात्री दीड वाजता हसूही येत नाही आणि अंगठा मात्र चालूच, ती पळवाटच. तिथे तुमचं बरोबर.