नुसतं तिरकं म्हणजे इटॅलिक नव्हे

'रोमन (म्हणजे नेहमीचं सरळ उभं) अक्षर तिरकं केलं की इटॅलिक झालं' असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. चांगल्या सेरिफ टाइपफेसमधलं (अक्षरांच्या टोकांना बारीक रेघा असलेल्या अक्षरसंचातलं) इटॅलिक वेगळं रेखाटलेलं असतं. छोटा 'ए' पाहा: रोमनमध्ये दुमजली (खाली गोल, वर आकडा), इटॅलिकमध्ये बहुधा एकमजली (नुसता गोल आणि दांडी). 'एफ'ची शेपटी बऱ्याचदा ओळीखाली उतरते. सॉफ्टवेअरने ढकलून तिरक्या केलेल्या अक्षरात यातलं काहीच येत नाही, उलट गोलाई बिघडते. (एकदा दिसलं की मग सगळीकडे खुपायला लागतं!)

इटॅलिकचं मूळ हस्ताक्षरात आहे. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस याने १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक अख्खं इटॅलिकमध्ये छापलं. खिळे (छपाईची धातूची अक्षरं) फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरलेले, आणि गंमत म्हणजे कॅपिटल अक्षरं सरळच होती.

वापराचं म्हणाल तर पुस्तकांची नावं, अवतरणं, निमंत्रणपत्रिका, कवितेच्या चार ओळी. पानभर मजकूर मात्र नको, डोळे शिणतात. नाजूक रेषांचं इटॅलिक लहान आकारात स्क्रीनवर तुटक दिसतं, म्हणून ते शीर्षकालाच ठेवावं. आणि वेलबुट्टीदार कॅपिटलमध्ये अख्खा शब्द लिहू नका, वाचताच येत नाही.