डिव्हाइसचा 'मिसिंग' फ्लॅग मधेच पुसला जातोय, बिटफील्ड ठेवू की सेट_बिट वापरू?

नवशिका_कर्नल:
मंडळी, शिकायचं म्हणून लिनक्सवर छोटी फाइल सिस्टिम लिहितोय, दोन डिस्कवर सारखाच डेटा ठेवणारी. डिव्हाइसच्या स्ट्रक्टमध्ये रायटेबल, मिसिंग, फ्लश_सेंट (डिस्कला 'कॅशमधलं पक्कं लिही' हा फ्लशचा हुकूम पाठवला का) असे एकेक बिटाचे बिटफील्ड (स्ट्रक्टमधले मोजक्या बिटांचे फील्ड) आहेत. टेस्टला एक डिस्क मधेच काढून घेतो, एरर हँडलर मिसिंग 1 करतो, लॉगमध्ये ओळ पण दिसते, पण कधीकधी पुढच्या कमिटच्या वेळी (बदल डिस्कवर पक्के करताना) बघावं तर परत 0! व्हीएमला एकच सीपीयू दिला की हा प्रकार अजून तरी दिसला नाही. प्रत्येकाला वेगळा इंट देऊ का, की कर्नलचं सेट_बिट (एक बिट अ‍ॅटॉमिक, म्हणजे मधे कोणी न घुसता, 1 करणारं फंक्शन) वापरू?

बिटबहाद्दर:
रेस आहे सरळ, म्हणजे दोन थ्रेड एकाच वेळी एकाच मेमरीवर लिहितायत. शेजारशेजारचे बिटफील्ड एकाच वर्डमध्ये (सीपीयू एकदम वाचतो-लिहितो तो मेमरीचा तुकडा) बसतात, आणि एक बिट बदलायला कंपायलर अख्खा वर्ड वाचतो, बदलतो, परत लिहितो. तुझ्या कमिट थ्रेडने फ्लश_सेंट लावायला वर्ड उचलला तेव्हा मिसिंग 0 होतं, तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर हँडलरने 1 केलं, मग कमिट थ्रेडने आपला जुना वर्ड त्यावर लिहून टाकला, झालं. दोघं वेगवेगळ्या फ्लॅगला हात लावतायत म्हणून लॉक नको असं वाटतं, पण बिटफील्डला ते चालत नाही.

रात्रपाळी:
बीटीआरएफएसमध्ये (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) आधी वेगळे इंटच होते. 2018 च्या 4.16 कर्नलपासून डेव्ह_स्टेट नावाचा एकच अनसाइन्ड लाँग आहे, त्यात रायटेबल, मेटाडेटात आहे का, मिसिंग, रिप्लेस टार्गेट, फ्लश सेंट असे बिट. वेगळ्या इंटने तुझी ही रेस जाईल, पण पाच इंटचे 20 बाइट आणि 64 बिटवर लाँगचे 8, शिवाय टेस्ट_अँड_क्लिअर_बिट आयतं मिळतं. फ्लशची वाट बघताना तेच लागतं, पाठवला होता का बघ आणि त्याच झटक्यात पूस. फक्त दोन अंडरस्कोअरवालं सेट_बिट चुकूनही घेऊ नकोस, ते अ‍ॅटॉमिक नाही.

बिटबहाद्दर:
आणि सेट_बिटला बिटाचा नंबर द्यायचा, मास्क (तो बिट 1 असलेली अख्खी संख्या) नाही! हे लय लोकांना नडतं कारण लगेच काही बिघडत नाही. मिसिंगची व्याख्या 1 << 2 केलीस तर सेट_बिट चौथा बिट लावतो, टेस्ट_बिट पण चौथाच बघतो, सगळं मजेत चालतं. सातवा फ्लॅग आला की 1 << 6 म्हणजे 64, लाँगमध्ये बिट 0 ते 63, म्हणजे तू स्ट्रक्टमधल्या पुढच्या फील्डवर लिहितोयस. केसॅन (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं टूल) पण गप्प बसतो, कारण मेमरी त्याच ऑब्जेक्टच्या आतली आहे.

नवशिका_कर्नल:
बाप रे, माझे डिफाइन सगळे 1 << असेच आहेत 😅 बदलतो. अजून एक, मिसिंग किती डिस्क आहेत त्याचा काउंटर पण ठेवलाय, तो सेट_बिटनंतर वाढवला तर चालेल ना?

रात्रपाळी:
नाही चालणार. बिट अ‍ॅटॉमिक आहे, पण बिट आणि काउंटर ही जोडी नाही. दोन आयओ एकदम फेल झाले की काउंटर दोनदा वाढेल आणि एकच डिस्क गेलेली असताना तुझी फाइल सिस्टिम दोन गेल्या समजून रीड-ओन्ली होईल. टेस्ट_अँड_सेट_बिटने आधी 0 होतं असं सांगितलं तरच वाढव. आणि हँडलर बायोच्या (डिस्कला दिलेल्या आयओ मागणीच्या) एंड_आयओमधून, म्हणजे ती संपल्यावरच्या कॉलबॅकमधून, येत असेल तर तिथे म्यूटेक्स (झोपून वाट बघायला लावणारं लॉक) घेता येत नाही, झोपायला परवानगी नसते, म्हणून तिथे फक्त 'एरर आली' एवढा बिट लाव आणि मिसिंग करणं, काउंटर वाढवणं हे वर्कक्यूमध्ये (नंतर चालवायच्या कामांची रांग) डिव्हाइस लिस्टच्या म्यूटेक्सखाली कर. अजून एक, नुसत्या सेट_बिटमध्ये मेमरी बॅरिअर (मेमरीतल्या वाचण्या-लिहिण्याचा क्रम पक्का ठेवणारी सूचना) नसतो, फ्लॅगच्या आधी एरर कोड लिहून ठेवणार असशील तर मधे एसएमपी_एमबी_बिफोर_अ‍ॅटॉमिक टाक, आणि वाचणाऱ्या बाजूलाही जोडीचा बॅरिअर हवा.

बिटबहाद्दर:
बदल करायच्या आधी जुन्याच कोडवर केसीसॅन (अशा रेस पकडणारं टूल) चालवून बघ, 5.8 पासून कर्नलमध्येच आहे. स्ट्रिक्ट ऑप्शन लाव, नाहीतर काही साधे राइट तो मनावर घेत नाही. व्हीएमला चारेक सीपीयू दे.