ग्रीन टी आणि मेंदू: किती, कसा, कधी?

प्रश्न
ग्रीन टीने एकाग्रता वाढते, म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते असं सगळीकडे वाचायला मिळतं. तथ्य किती? रोज किती प्यायचा? आणि कडूजहर होतो, त्याला काय करायचं? त्यापेक्षा गोळ्या बऱ्या का?

प्रतिसाद १
हे दोन दावे एकत्र कालवू नका. एकाग्रतेचा बऱ्यापैकी खरा आहे. कॅफीनने तरतरी येते आणि एल-थिॲनिन हे अमिनो आम्ल त्यातली चुळबुळ कमी करतं. मात्र प्रयोगांत थिॲनिन बहुधा १००-२०० मिलिग्रॅम देतात. साध्या कपात त्याच्या कितीतरी कमी उतरतं. म्हणजे एका कपाने जाणवते ती मुख्यतः कॅफीनची करामत.

स्मरणशक्तीचं म्हणाल तर जपानमधली सत्तरीपुढच्या लोकांची एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. रोज २ किंवा अधिक कप पिणाऱ्यांत बौद्धिक क्षमता घटल्याचं प्रमाण कमी दिसलं. पण ती एकाच वेळी केलेली पाहणी. चहामुळे डोकं शाबूत राहिलं, की डोकं शाबूत असलेली माणसंच चार लोकांत बसून जास्त चहा पितात? हे त्यातून ठरत नाही. २-३ कप प्या, पण औषध म्हणून नको.

प्रतिसाद २
कडूपणा पाण्याच्या तापमानामुळे येतो. पाणी उकळून आच बंद करा, ७५-८० अंशांवर येऊ द्या. २०० मिलिलिटरला २ ग्रॅम पानं, २ मिनिटं झाकण, आणि लगेच गाळा; पानं कपात ठेवून घोट घोट पीत बसलात की शेवट कडूच. कढत पाण्यात कॅटेचिन ही चहाच्या पानांतली द्रव्यं आणि कॅफीन भराभर उतरतात, कडू-तुरट चव त्यांचीच. गोडसर चवीचं थिॲनिन कमी तापमानातही उतरतं, म्हणून फ्रिजमध्ये गार पाण्यात रात्रभर भिजवलेला चहा गोडसर लागतो.

प्रतिसाद ३
गोळ्या नकोत. त्यांत ईजीसीजी हे कॅटेचिन एकवटलेलं असतं. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेल्यास यकृताला इजा होण्याची चिन्हं दिसतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नोंदवलंय.

चहाचंही पथ्य आहे. जेवणाबरोबर घेतला तर वनस्पतीजन्य अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. तासभर अंतर ठेवा. रक्तदाबासाठी नॅडोलॉल चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ग्रीन टीने त्याची रक्तातली पातळी घटते. आणि संध्याकाळी टाळा. शरीरातलं निम्मं कॅफीन ओसरायला सुमारे ५ तास लागतात. झोप मोडली की स्मरणशक्तीचंच नुकसान.

प्रश्नकर्ता
संध्याकाळी डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेला ग्रीन टी, चालेल?

प्रतिसाद ३
चालेल. थोडं कॅफीन त्यातही उरतंच, शिवाय काढण्याच्या प्रक्रियेत कॅटेचिनही घटू शकतात.