टार हील्ससाठी अजून ओरडावं का?

चॅपलहिलकर:
मी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एमएस केलं, तेव्हापासून टार हील्सचा, म्हणजे तिथल्या बास्केटबॉल संघाचा चाहता. 2022 मध्ये फायनल फोरला (राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी) शेजारच्या डरहॅममधल्या कट्टर प्रतिस्पर्धी ड्यूकला 81-77 हरवून त्यांचे प्रशिक्षक कोच के यांची कारकीर्द संपवली, त्या रात्री मीही फ्रँकलिन स्ट्रीटवर घसा बसेपर्यंत ओरडलो. (दोन दिवसांनी अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध मध्यंतराला 15 गुणांनी पुढे असून हरलो, तो विषय नको.)

पण आमच्या विद्यापीठातल्या बोगस वर्गांवरचा 2014 चा वेनस्टाइन चौकशी अहवाल डोक्यातून जात नाही. 1993 ते 2011, अठरा वर्षं कागदी वर्ग चालले. तास नाही, प्राध्यापक नाही. एक निबंध द्यायचा, ऑफिसातल्या बाई मार्क देणार, तेही सढळ हाताने. 3,100 च्या वर विद्यार्थी, नोंदणीत जवळजवळ निम्मे खेळाडू, 2005 च्या आमच्या राष्ट्रीय विजेत्या संघातलेही. 2017 मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) हात वर केले: वर्ग सगळ्यांना खुले होते, म्हणजे खेळाडूंना खास सवलत नव्हे! 2005 च्या विजेतेपदाचा झेंडा डीन डोममध्ये, आमच्या घरच्या स्टेडियमात, तसाच आहे. ओरडतो, आणि लाजही वाटते. तुमचं काय?

डरहॅमची सून:
ड्यूकवाल्या घरातून लिहितेय, तेव्हा पक्षपात धरूनच वाचा. लुईव्हिल विद्यापीठाचं 2013 चं विजेतेपद वेगळ्या भानगडीपायी का होईना, 2018 मध्ये काढून घेतलं. तुमचं राहिलं. लाज वाटते म्हणता, टी-शर्ट मात्र तोच!

खडूस काका:
सूनबाई, तुमचा झायन 2019 मध्ये आणि कूपर फ्लॅग 2025 मध्ये एकेक वर्ष खेळून एनबीएला गेले. त्यांच्या शिक्षणाबद्दल बोलू या का?

मीनल_आर:
चिमटे पुरेत. शिष्यवृत्तीच्या बदल्यात शिक्षण, असा व्यवहार होता. मुलांनी खेळून आपली बाजू पाळली, विद्यापीठाने पाळली नाही. 2005 च्या संघातल्या रशाद मॅकँट्सने हे 2014 मध्ये जाहीरपणे सांगितलं, तर त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला खोटं पाडलं. वर हे वर्ग आफ्रिकन-अमेरिकन अभ्यास विभागाचे. तिथे मन लावून शिकणाऱ्यांच्या पदवीकडेही लोक संशयाने बघणार. मी मॅच बघते, पण 'आपण जिंकलो' म्हणणं सोडलंय.

चॅपलहिलकर:
मीनलताई, पटतंय. पण मला बांधून ठेवलं ते आमचे जुने प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी. चार्ली स्कॉट हा विद्यापीठाचा पहिला शिष्यवृत्तीधारक कृष्णवर्णीय खेळाडू त्यांनी आणला. 2015 मध्ये गेले तर मृत्युपत्रात आपल्या जुन्या खेळाडूंना प्रत्येकी 200 डॉलर, बाहेर छान जेवा म्हणून!

खडूस काका:
मोठा माणूस, वाद नाही. पण कागदी वर्ग 1993 चे आणि स्मिथ 1997 पर्यंत प्रशिक्षक. त्यांना ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. 'तेव्हा सगळं स्वच्छ होतं' एवढं मात्र म्हणू नका.

रॅलीचा राजू:
मला तर आता बघायला जास्त मोकळं वाटतं. जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला साधारण 2 कोटी डॉलरपर्यंत. विद्यार्थी-खेळाडूचं सोंग संपलं.

मीनल_आर:
पैसे मिळायलाच हवेत. पण राजू, पैसे देतो म्हणून वर्गात काहीही चालवायची मुभा मिळाली का? ती मुलं आजही विद्यार्थी म्हणूनच नाव नोंदवतात.

रॅलीचा राजू:
मग वर्गाचं वर्गात तपासा, मॅच कशाला सोडायची?

चॅपलहिलकर:
सोडत नाहीये रे. काकांच्या तारखांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

डरहॅमची सून:
पुढच्या ड्यूकच्या मॅचला आमच्याकडे या. मिसळ मिळेल. 2005 चं नाव काढलंत तर पाव मिळणार नाही.