मोनार्कच्या अळ्या घरात आणून वाढवाव्यात का? (मिल्कवीड, एचओए आणि रडणारी लेक)

पानफुटी:
नमस्कार मंडळी, धागा बागकामात टाकतेय, चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आम्ही ओहायोत असतो. मागच्या वर्षी नर्सरीतून मिल्कवीडची (मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या याचीच पानं खातात) दोन रोपं आणली, एक गुलाबी फुलांचं स्वॅम्प मिल्कवीड आणि दुसरं ते लाल-पिवळ्या फुलांचं, आपण ज्याला हळदीकुंकू म्हणतो ना तेच, ओळखीचा चेहरा दिसला म्हणून उचललं. हे दुसरं थंडीत मेलं म्हणून या वर्षी परत आणलं. मागच्या वर्षी एक फुलपाखरू फिरकलं नाही आणि या ऑगस्टमध्ये मात्र एक मोनार्क मादी आली, पानाखाली पोट वाकवून एक अंडं, मग पुढचं पान, मग पुढचं, अर्धा तास हेच चाललं होतं. आठवड्याने मोजल्या तर अकरा अळ्या! काळे-पांढरे-पिवळे पट्टे, पुढे-मागे काळे तंतू, आणि खातात किती हो, बकासुर परवडला. लेक आठ वर्षांची आहे, तिने सगळ्यांना नावं दिली (ठेवली नाहीत, दिली).

आता रोज सकाळी हजेरी घेतो आणि रोज कमी. अकराच्या सात झाल्या, सातच्या चार, काल संध्याकाळी तीनच. लेक रडून रडून लाल. शेजारीण म्हणते जाळीचा पिंजरा घे आणि सगळ्या आत आण, ती दर वर्षी शंभरेक वाढवून सोडते, ऑनलाइन अळ्यांचं किट पण मिळतं म्हणे. नवरा म्हणतो निसर्गात ढवळाढवळ नको. भरीस भर म्हणून एचओएचं, म्हणजे आमच्या वसाहतीच्या घरमालक संघाचं, पत्र आलंय की तुमच्या पुढच्या अंगणात तण माजलंय. रोपांवर पिवळाधम्मक मावा पण पडलाय तो वेगळाच. कुणी केलंय का हे सगळं? काय करू?

मिनेसोटाकर:
पानफुटी, आधी लेकीला सांगा की गायब झालेल्या सगळ्याच मेल्या असं नाही. अळी पाच वेळा कात टाकते, शेवटच्या टप्प्यात बोटाच्या दोन पेरांएवढी होते आणि मग कोष करायला मिल्कवीड सोडून चालू लागते, कधी कधी चांगली तीस फूट लांब जाते. कुंपण, खुर्चीची खालची बाजू, भिंतीचा कोपरा, कुठेही उलटी लटकते. शोधा, हिरवा कोष असतो आणि त्यावर सोन्याचे ठिपके, कुणी रंगवलेत असंच वाटतं.

बाकीच्या मात्र खरंच गेल्या असणार. मुंग्या, कोळी, गांधीलमाश्या, शिवाय एक माशी अळीवर अंडी घालते आणि तिच्या अळ्या हिला आतून खातात. शंभर अंड्यांतून फुलपाखरापर्यंत फार तर पाच-दहा पोचतात आणि हे आजचं नाही, ही जात त्या हिशोबानेच शेकडो अंडी घालते. तुमच्या अकरातून एक जरी उडालं तरी तुमची बाग नापास नाही.

घरात वाढवायचं म्हणाल तर मी स्वतः सहा वर्षं वाढवले, ऐंशी-नव्वद एका वेळी, फोटो टाकायचो, लाइक यायचे. मग एका वर्षी कोषातून एकामागून एक चुरगळलेल्या पंखांची निघायला लागली. कारण एक परजीवी, ओई म्हणतात त्याला, त्याचे बीजाणू आईच्या पोटावरून अंड्यावर आणि पानावर सांडतात, अळी ते खाते. बागेत एखादी अळी आजारी पडली तर ती एकटीच पडते, पिंजऱ्यात दाटीवाटीत एकीचं सगळ्यांना. ते पोतंभर कचऱ्यात टाकताना जे वाटलं ते इथे नाही लिहीत. त्यात २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की घरात वाढवलेल्या मोनार्कना शरदात दक्षिणेची दिशाच नीट धरता येत नाही. पुढे काही जणांना थोडे वेगळे निकाल मिळाले, बाहेर सोडल्यावर बरीचशी वाट धरतात म्हणे, पण मला तेवढं पुरलं. आणि तुमच्याकडे ऑगस्टअखेरच्या अळ्या आहेत, म्हणजे याच थंडी काढायला मेक्सिकोला जाणाऱ्या! उन्हाळ्यातलं मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतं, ही शेवटची पिढी मात्र आठ-आठ महिने. हिला बाहेरचं ऊन, लहान होत जाणारा दिवस, गार रात्री हे सगळं लागतं.

लेकीसाठी एक-दोन ठेवायच्या तर ठेवा, पोर्चमध्ये जाळीत, रोज साफ करा, ताजी पानं द्या, कोषातून बाहेर आलं की पंख वाळले की सोडा. शंभर नको. किट तर अजिबातच नको, कुठल्या आईची पिल्लं आणि कुठले रोग घेऊन येतील कोण जाणे. आणि हो, कॅलिफोर्नियात कुणी वाचत असेल तर तिथे परवानगीशिवाय हाताळणंच बेकायदेशीर आहे.

मावा राहू द्या, फारच झाला तर पाण्याची धार मारा, अळ्या सांभाळून. फवारा कुठलाच नको, कडुनिंबाचा पण नको. ज्याने मावा मरतो त्याने अळी जगेल का?

शंकासुर:
माझं नेहमीचं विरजण घेऊन आलोय 😀 दोन कुंड्यांनी काय होणार आहे? मध्य-पश्चिमेत मका आणि सोयाबीनची तणनाशक सोसणारी बियाणी आली, ग्लायफोसेट मारलं की पीक तेवढं उभं, आणि ओळींमधलं मिल्कवीड साफ. लाखो एकरांवरून गेलं ते. तिकडे लढायचं सोडून आपण अंगणात नावं देत बसलोय. शिवाय आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये स्थलांतर करणाऱ्या मोनार्कला 'धोक्यात' म्हटलं आणि पुढच्याच वर्षी खालच्या वर्गात आणलं. मग नक्की किती धोका?

मिनेसोटाकर:
शंकासुर, ती उतरंड आकडेमोडीची पद्धत बदलल्यामुळे, फुलपाखरं वाढली म्हणून नाही. मेक्सिकोत ती मोजत नाहीत, मोजणार तरी कशी, झाडांवर बसून त्यांनी किती हेक्टर जंगल व्यापलंय ते बघतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८ हेक्टरच्या वर होतं. २०१३-१४ मध्ये ०.६७. २०२३-२४ मध्ये ०.९० आणि २०२४-२५ मध्ये १.७९, म्हणजे दुप्पट झालं म्हणून आपण पेढे वाटायचे आणि तरी १८ चा दहावा हिस्सा! पश्चिमेकडची, जी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर थंडी काढतात, ती २०२० मध्ये मोजली तर दोन हजारसुद्धा भरली नाहीत, पुढच्याच वर्षी अडीच लाखांच्या आसपास, आणि २०२४ मध्ये परत नऊ हजार. इतका झोका घेणारी गोष्ट एका वाईट वर्षात संपू शकते, भीती ती आहे. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने २०२४ च्या डिसेंबरात संरक्षित यादीत घ्यायचा प्रस्ताव मांडलाय तो याचमुळे.

शेतांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. म्हणूनच तर रस्त्यांच्या कडा, विजेच्या तारांखालच्या पट्ट्या आणि अंगणं एवढंच हातात उरलंय ना.

टेक्सासची_मावशी:
पानफुटी, तुझं ते हळदीकुंकू उपट गं बाई. रागावू नकोस, मी पण तेच लावलं होतं, नर्सरीत सगळीकडे तेच मिळतं कारण पटकन वाढतं आणि दिसतं छान. पण ते इथलं नाही. आमच्याकडे ह्यूस्टनला तर थंडीतही हिरवंगार राहतं, मग मोनार्क म्हणतात जेवण आहे तर मेक्सिकोला कशाला जायचं, इथेच राहतात, इथेच अंडी घालतात आणि त्याच पानांवर वर्षभर ओई साठत राहतो. ओहायोत ते थंडीने मरतं म्हणून तुझ्याकडे एवढा घोळ होणार नाही, पण जागा अडवतंच ना. या अळ्या खाऊन मोकळ्या झाल्या की काढ आणि तिथे साधं कॉमन मिल्कवीड नाहीतर नारिंगी फुलांचं बटरफ्लाय वीड लाव. बी शरदात मातीत टाकून विसरून जा, थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवतच नाही. वसंतात पेरायचं असेल तर ओल्या कागदात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये. आमच्या घरात कुणीतरी मसाला समजून ते उघडलं होतं, असो.

रोप घेताना विचार की निओनिक कीटकनाशक मारलंय का. ते औषध झाडाच्या आतच भिनतं, पान धुऊन जात नाही. मी एकदा न विचारता आणलं आणि दोन दिवसांत सगळ्या अळ्या गळून पडल्या.

आणि लेकीला चीक डोळ्याला लागू देऊ नकोस, हे रुईच्याच घराण्यातलं, चीक तसाच वाईट. तेच विष अळी अंगात साठवते आणि मोठेपणी पक्ष्याने खाल्लं तर तो ओकतो, नारिंगी रंग म्हणजे पाटीच आहे, खाऊ नका.

रानवारा:
मी २०१८ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोत मिचोआकानला, एल रोसारिओच्या मोनार्कच्या जंगलात गेलो होतो, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन हजार मीटर उंची, चढताना धाप लागते, घोडे मिळतात पण मी मिजाशीत चालत गेलो आणि पस्तावलो. ओयामेल फरची उंच झाडं. सुरुवातीला वाटलं वाळकी पानं लटकलीयत, फांद्या नुसत्या वाकलेल्या, रंग मळकट. कुठे आहेत म्हणून गाइडला विचारणार तेवढ्यात ढग सरकला, ऊन पडलं आणि ती सगळी पानं उघडली. नारिंगी. बोलायला बंदी असते तिथे, तशी गरजही नव्हती, आणि मग आवाज येतो, हजारो पंखांचा, बारीक पाऊस पडतोय असा. माझ्या शेजारी एक आजोबा टोपी काढून उभे होते.

या डोंगरांतली त्यांची हिवाळी जागा बाहेरच्या लोकांना पहिल्यांदा १९७५ च्या जानेवारीत कळली. कॅनडातले फ्रेड आणि नोरा अर्कहार्ट जवळजवळ चाळीस वर्षं पंखांना चिकटपट्ट्या लावत शोधत होते, सापडली ती केन ब्रुगर आणि कॅटलिना अग्वादो यांना. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः गेले तर खाली पडलेल्या फुलपाखरांत एकावर मिनेसोटात लावलेली पट्टी! (मिनेसोटाकर, कॉलर ताठ करा.) तिथल्या गावकऱ्यांना अर्थात आधीपासून माहीत होतं, ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात, मृतांच्या सणालाच, पितर परत आले असं पुरेपेचा आणि मसावा लोक मानतात. आपला पितृपक्षातला कावळा आठवला मला.

पण जंगलाची गोष्ट पण बघा. ती दाट झाडं म्हणजे त्यांची गोधडी पण आणि छत्री पण, ओलं झालेलं फुलपाखरू थंडीत लवकर गोठतं. २००२ च्या जानेवारीत वादळ आलं तेव्हा जमिनीवर मेलेल्यांचा जाड थर पडला होता. आता चोरटी तोड आहे आणि आसपास ॲव्होकॅडोच्या बागा चढत चालल्यात. एल रोसारिओचे ओमेरो गोमेस गोन्सालेस, आधी स्वतः लाकूडतोडे आणि मग याच जंगलाचे राखणदार, २०२० च्या जानेवारीत बेपत्ता झाले आणि मग त्यांचा मृतदेहच सापडला. मी गेलो तेव्हा त्यांचे ते फुलपाखरांच्या गर्दीतले व्हिडिओ बघूनच गेलो होतो. तर शंकासुर, लढणारे तिकडे पण लढतायत.

शंकासुर:
@रानवारा, त्या राखणदाराचं माहीत नव्हतं. विरजण मागे घेतो. बियाणं कुठून मागवायचं तेवढं सांगा, बाल्कनी आहे फक्त.

मिनेसोटाकर:
शंकासुर, स्थानिक झाडांची नर्सरी बघा, मोठ्या दुकानात नको. बाल्कनीत मिल्कवीड कुंडीत जरा कुरकुरतं, मुळं खोल जातात. त्यापेक्षा ॲस्टर लावा. शरदात जाणाऱ्यांना अंडी घालायची नसतात, त्यांना मध हवा असतो, तोच चरबी करून हिवाळाभर पुरवायचा असतो. हे सगळे विसरतात, सगळे मिल्कवीड मिल्कवीड करतात. पानफुटी, तुम्हीही गोल्डनरॉड आणि ॲस्टर लावा. एचओएसाठी रोपांभोवती विटांची नीट कडा करा आणि कॅन्ससच्या मोनार्क वॉच संस्थेकडून 'वेस्टेशन'ची, म्हणजे मोनार्कच्या थांब्याची, पाटी मागवा, पैसे भरून नोंद करायची असते. पाटी आली की त्याच तणाचं उद्यान होतं, अनुभव आहे.

पानफुटी:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं वाचून नवरा गेले दोन दिवस 'मी म्हटलं होतं' या मोडमध्ये आहे. मावशी, हळदीकुंकू पुढच्या आठवड्यात काढते, अजून एक अळी आहे त्यावर. पिंजरा घेतला नाही. पाटी मागवली, विटा शनिवारी.

आणि मिनेसोटाकर, तुम्ही सांगितलं तसं शोधलं! दोन तास. दोन कोष सापडले, एक कुंपणाला, सोन्याचे ठिपके अगदी तसेच. दुसरा आमच्या कचऱ्याच्या डब्याच्या दांड्याखाली. लेकीने डब्यावर 'हलवू नये' असा कागद चिकटवलाय, त्यामुळे गुरुवारी नवरा पिशव्या हातात घेऊन ट्रकच्या मागे धावला. किती दिवस लागतात कोषातून निघायला?

मिनेसोटाकर:
दहा ते चौदा. काळपट झाला आणि आतून नारिंगी पंख दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठा. अजून एक गुरुवार धरून चाला.