१२ जूननंतर माळ्यावरची जुनी अँटेना चालेल का?

मृण्मयी_एडिसन, १८ मे २००९
आई-बाबा ५ जूनला साताऱ्याहून येताहेत. त्यांच्या बेसमेंटच्या खोलीत जुना ट्यूबचा टीव्ही आहे, केबल फक्त वरच्या मजल्यावर. आधीच्या घरमालकांनी माळ्यावर लांब दांड्यांची अँटेना बसवलेली आहे, तिची चपटी तपकिरी वायर भिंतीतून खाली येते. चॅनल ७ आणि १३ स्वच्छ दिसतात, २ वर मुंग्या. १२ जूनला इथे अमेरिकेत टीव्हीचं जुनं अ‍ॅनालॉग प्रसारण बंद होऊन फक्त डिजिटल राहणार, म्हणून ४० डॉलरच्या सरकारी कुपनावर कन्व्हर्टर बॉक्स (डिजिटल सिग्नल जुन्या टीव्हीवर दाखवणारा) आणला. दुकानदार म्हणतो जुनी अँटेना काढा, ८० डॉलरची 'डिजिटल अँटेना' घ्या. खरंच लागेल? बाबांना २२ जूनपासून विम्बल्डन बघायचंय. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की ते दिवसभर घरात, गाडी चालवत नाहीत. टीव्ही बंद राहिला तर फार जड जाईल त्यांना.

पार्लेकर
दुसरं कुपन असेल तर लवकर वापरा, ९० दिवसांत बाद होतं. वरच्या केबलवाल्या टीव्हीला बॉक्स लागत नाही.

तारवाला
मृण्मयीताई, अँटेना अजिबात काढू नका. अँटेनाला अ‍ॅनालॉग-डिजिटल काही कळत नाही, तिला फक्त फ्रीक्वेन्सी कळते. मी पुण्यात दहा वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत. तेव्हा गच्चीवरच्या सगळ्या अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायच्या, कारण टीव्हीचं प्रक्षेपण तिथून व्हायचं. तुमच्याकडे सिंहगडाच्या जागी न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग. न्यू जर्सीतल्या तुमच्या एडिसनहून ती ईशान्येला. माळ्यावर जाऊन बघा, आखूड दांड्यांचं टोक तिकडे हवं.

आता महत्त्वाचं. सध्या न्यूयॉर्कची डिजिटल स्टेशनं यूएचएफवर (वरच्या फ्रीक्वेन्सींवर) आहेत. पण १२ जूनला ७, ११ आणि १३ आपापल्या जुन्या व्हीएचएफ (खालच्या फ्रीक्वेन्सींच्या) जागी परतणार. नुसती यूएचएफची छोटी अँटेना घेतलेले लोक त्या दिवशी हे तीन चॅनल गमावतील. तुमच्या लांब दांड्या त्यासाठीच आहेत. आजच अ‍ॅनालॉग ७, ११, १३ लावून बघा. तिन्ही स्वच्छ असतील तर अँटेना त्या फ्रीक्वेन्सी नीट पकडतेय.

पैसे वायरवर खर्च करा. चपटी वायर ३०० ओहमची, बॉक्सचं तोंड ७५ ओहमच्या गोल केबलचं. मध्ये अंगठ्याएवढा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागतो, थोडक्या पैशांत मिळतो. त्याहून चांगलं म्हणजे तो अँटेनापाशीच लावा आणि तिथून खाली नवी आरजी-६ (७५ ओहमची गोल) केबल टाका. चपटी वायर लोखंडी पाइपाला खेटून गेली की सिग्नल खाते. अ‍ॅनालॉगमध्ये मुंग्या दिसून भागायचं. डिजिटलमध्ये सिग्नल कमी पडला की चित्र चौकोन चौकोन होऊन एकदम गायब. म्हणून ही मेहनत आत्ताच करा. सिग्नल वाढवणारा बूस्टर मात्र लगेच घेऊ नका, आधी साधं जोडून बघा.

कंदीपेढा
आमच्याकडे माळा नाही, टीव्हीवर ठेवायची दोन कानांसारख्या दांड्यांची अँटेना आहे. ७ साठी ते कान पूर्ण न ताणता प्रत्येकी साधारण १६ इंचांवर ठेवले तर चांगलं पकडतात का?

तारवाला
हो, ७ ते १३ साठी तेवढेच बरोबर. आडवे धरा आणि खिडकीजवळ ठेवा.

मृण्मयी_एडिसन, १३ जून २००९
तारवालाकाका, मनापासून आभार! नवऱ्याने गेल्या रविवारी माळ्यावर जाऊन केबल बदलली. खरंच, वायर हीटरच्या पाइपामागून गेली होती. काल रात्री बॉक्सवर स्कॅन (चॅनल शोध) केल्यावर ७ आणि १३ आले, ११ आला नाही. आज सकाळी बाबा खाली टीव्हीसमोर, नवरा वर, मी जिन्यात उभी राहून निरोप देतेय: "थोडी उजवीकडे... थांब, आला!" पुन्हा स्कॅन केलं आणि ११ पण मिळाला. विम्बल्डन दाखवणारा ४ (एनबीसी) तर पहिल्यापासून छान आहे, म्हणजे ती काळजी मिटली. रिमोटवर स्कॅनचं बटण कुठलं ते आईने वहीत मराठीत लिहून ठेवलंय.