बॉक्स टर्टलने अंगणात अंडी घातलीयेत का? उकरून बघू की नको?

जास्वंद_सहकारनगर
नमस्कार मंडळी, आमच्या बंगल्यामागे थोडं मातीचं अंगण आहे, दीर-जाऊ कॅनडाला गेले तेव्हापासून त्यांचं बॉक्स टर्टल जातीचं कासव तिथेच असतं. त्यांच्याकडे आधी जोडी होती, नर गेल्या वर्षी मेला, ही मादी. तर पहिला पाऊस पडून गेल्यापासून ही बाई संध्याकाळ झाली की जास्वंदीखाली मागच्या पायांनी उकरत बसते, बराच वेळ एकाच जागी, मग उठून दुसरीकडे. काल एक जागा मात्र अगदी थापून सारखी केलेली दिसली, वर पाचोळा ओढलेला. खात पण नाहीये, गांडूळ समोर ठेवलं तरी ढुंकून बघत नाही. सासूबाई म्हणतात हात लावू नका, चिरंजीवांना इनक्युबेटर करायचाय. आणि ती जागा नेमकी पागोळ्यांखाली आहे!! नर नसताना अंडी कशी, हा प्रश्न आहेच.

कोथरूडचा_बाब्या
ताई आधी ते बॉक्स टर्टलच आहे ना ते बघा. पाठीवर पिवळ्या रेघा असतील तर आपलं स्टार कासव पण असू शकतं, लोक वास्तूसाठी म्हणून आणतात आणि नाव काहीही सांगतात. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, घरात ठेवणं सरळ गुन्हा. तसं निघालं तर अंडी-बिंडी राहू दे, वनखात्याच्या १९२६ ला फोन करा.

जास्वंद_सहकारनगर
रेघा आहेत पिवळ्या, पण घाबरली की पुढून-मागून पूर्ण बंद होते, डबीचं झाकण लावल्यासारखी. स्टार कासव असं करतं का?

कूर्मगती
नाही करत. पोटाच्या कवचाला आडवी बिजागरी असते ती बॉक्स टर्टलची खूण, स्टारला ती नसते आणि त्याचे पाय हत्तीसारखे खांबी असतात. म्हणजे तुमचं बहुतेक अमेरिकेतलंच आहे. पण कागदाचं बघा, बॉक्स टर्टल साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत येतं, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते आणि पिल्लं झाली तर तेही कळवावं लागतं. दिरांनी केलीये का विचारा.

आता नराचं. बॉक्स टर्टलची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते, मीलनानंतर चार वर्षांपर्यंत फळणारी अंडी घातल्याची नोंद आहे, तेव्हा नर जाऊन वर्ष झालं म्हणून अंडी पोकळच असतील असं नाही. पोकळही असतील. एका वेळी साधारण तीन ते सहा, लांबट, पांढरी, सालपट जरा लवचिक.

थापलेली जागा आणि वर पाचोळा म्हणजे बहुतेक घातलीयेत, कारण नुसतं उकरून सोडलेले खड्डे त्या तशाच उघडे टाकतात. पण खात नाही म्हणता, म्हणून मी आधी एक्सरे काढून घेईन. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर कासवं बघत नाहीत, फोन करून विचारून जा. अंडी अडकली असतील तर ते जिवावर बेततं.

पेठेतला_शहाणा
निसर्गाचं निसर्गाला करू द्या की राव, तिकडे जंगलात कोण इनक्युबेटर लावतं.

कूर्मगती
तिकडे पागोळ्या पण नसतात शहाणे! खड्डा जेमतेम तीन-चार इंच खोल असतो, एक मोठी सर आली की अंडी पाण्यात. आणि आपल्याकडे घूस, मुंगूस, कावळे, वर मुंग्या. मुंग्यांचा भरवसा नाही, पिल्लू साल फोडायला लागलं की त्या आधी पोचतात.

ताई, एक्सरेत पोट रिकामं निघालं तर दिवसाउजेडी बोटांनी हळूहळू माती बाजूला करा, खुरपं अजिबात नको. अंडं जसं पडलंय तसंच उचलायचं, वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण करा म्हणजे ते उलटं होणार नाही, आत गर्भ वर चिकटलेला असतो, फिरलं की मरतो. डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट (कुंड्यांच्या मातीत घालतात ते हलकं, पाणी धरणारं खनिज), मुठीत दाबलं तर पाणी गळता कामा नये. त्यात अंडी अर्धी रोवा, झाकणाला दोन-चार भोकं, डबा थर्माकोलच्या खोक्यात. तापमान २७-२८ च्या आसपास, पुण्याच्या पावसाळ्यात घरात फार काही करावं लागत नाही. त्याहून गार राहिलं तर नर जास्त, उबदार राहिलं तर माद्या. अडीच-तीन महिने लागतात म्हणजे गणपतीच्या पुढेमागे. दोनेक आठवड्यांनी अंधारात खालून टॉर्च धरा, लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. बुरशी धरून वास मारायला लागलं ते काढून टाका.

कोथरूडचा_बाब्या
आणि कॅल्शियम द्या तिला. मंडईजवळ काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) मिळतो, तो नुसता कोपऱ्यात टाकून ठेवा, लागेल तशी कुरतडेल. हाताळल्यावर पोरांना साबणाने हात धुवायला लावा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जुलाबाचा जंतू असतो.

जास्वंद_सहकारनगर
बाप रे केवढं आहे हे. थँक्यू सगळ्यांना. नोंद दिरांनी केलेली आहे म्हणतात, कागद पाठवतायत. एक्सरेची शनिवारची वेळ मिळाली. तोपर्यंत त्या जागेचं काय करू? आणि अंडी पोटातच दिसली तर?

कूर्मगती
जागेवर चार विटा ठेवून त्यावर तिरपा पत्रा टाका, हवा खेळली पाहिजे, आणि पागोळ्यांचं पाणी वळवायला बाजूने चर काढा. प्लॅस्टिक जमिनीला चिकटवून अंथरू नका, आत वाफ धरते.

पोटातच असतील तर लगेच अंडी बाहेर काढायच्या इंजेक्शनचा हट्ट धरू नका. ती धडपणे हिंडतेय-फिरतेय तर कित्येकदा जागा मनाजोगती नसते एवढंच कारण असतं. आपली काळी चिकट माती त्यांना उकरायला जड जाते. सकाळचं ऊन येतं अशा कोपऱ्यात माती आणि वाळू निम्मी-निम्मी मिसळून, फूटभर खोल, भुसभुशीत करून द्या, वरून थोडं पाणी शिंपडा, उथळ ताटलीत पाणी ठेवा आणि चिरंजीवांना सांगा तिथे दर दहा मिनिटांनी डोकवायचं नाही, कोणी बघतंय म्हटल्यावर त्या अर्धं काम टाकून निघून जातात. मात्र मलूल पडली, मागचे पाय ओढायला लागली किंवा नुसतं कण्हल्यासारखं जोर करतेय असं दिसलं तर शनिवारपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी घेऊन जा.